पाटकरी आबांचा बेटाला फेरा

दिवस जानेवारीतला दुसरा रविवार. रक्कम दोघांची मिळून चौऱ्याऐंशी हजार रुपये. त्यात विमान, जहाज, राहणं, खाणं सगळं आलं. हजर मी, माझे घरमालक आबा, आबांचे थोरले बंधू, आणि चहा देऊन रिकामा ट्रे हातात घेऊन दारातच थांबलेली माझी पत्नी. ठिकाण वरवंड, आबांची ओसरी.

मी रक्कम वाचून दाखवली, ती थोरल्यांनी ऐकून घेतली. ठिकाण सांगितलं तेव्हा हसले.

"अंदमान? बेटावर? बारक्या, मेंढरं न्यायची का रं संगं?"

"मेंढरं न्हाईत. पाठीवर सॅक," आबा म्हणाले.

"आन् करनार काय तिथं?"

"बोटीतनं फिरनार."

थोरल्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "काठावरनं बघशील, फोटू काढशील, माघारी येशील. काठावरनं आमीबी समुद्र बघितलाय. बेटाला पान्यातनं गोल फेरा मारून ये. मग बोलू आपन."

"मारतो की."

आवाज नेहमीचाच होता. पण आबांच्या कपातला निम्मा चहा बशीत सांडला होता, आणि हा माणूस चहाचा थेंब सांडत नसे.

चहाचाच काय, कसलाच थेंब सांडत नसे. आबा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की शेताकडं जाणाऱ्या कोणत्या चारीला किती वेळ द्यायचं, कोणाची पाळी कधी संपली, दार कुणी उघडं ठेवलं, हे बघणं त्यांचं काम. निवृत्त झाले तरी काम सुटलं नाही, फक्त कालव्याच्या जागी आम्ही भाडेकरू आलो. मी तेव्हा कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअरचा हिशेब बघायचो आणि आबांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी भाड्याचं काही बोलण्याआधी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "वरच्या मजल्याचं आवर्तन सकाळी सहा ते पावनेसात. पानी जपून. टेलला मानसं हायत."

टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्या घरात फक्त ते स्वतः आणि त्यांची शेळी होती. तरी नऊ वर्षांत ते वाक्य बदललं नाही. माझ्या पत्नीनं भांडी घासताना नळ जरा जास्त वेळ सोडला की खालून हाक यायची, "ताई, टेल!" ती चिडायची. मग एकदा तिनंच वरून ओरडून विचारलं, "आबा, टेलला पोचलं का?" त्यावर खालून खुशीत उत्तर आलं, "पोचलं, पोचलं! बंद करा." तेव्हापासून दोघांचं जमलं.

त्यांच्या हातात कायम बाभळीची काठी असे. तिच्यावर चाकूनं खाचा पाडलेल्या. पाणी दिसलं की काठी आत जायचीच. विहीर, हौद, डबकं, कुणाच्या लग्नातलं पाण्याचं पिंप. एकदा यवतच्या ढाब्यावर त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या जगात काठीचं टोक घातलं, तेव्हा वेटरनं जग बदलून आणला आणि काठी बाहेर ठेवायला सांगितली. आबा म्हणाले, "खोली बघितल्याबिगर मी पानी पीत न्हाई." वेटर म्हणाला, "आबा, हे बिसलेरी हाय." आबा म्हणाले, "असंल. पर किती हाय?"

अशा माणसाला बेटाचं वेड कुठून लागलं, हे सांगायला हवं. कुणीतरी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. वरून काढलेला, मध्ये हिरवा ठिपका, चारी बाजूंनी निळं पाणी, आणि एक होडी त्याच्याभोवती फिरतेय. आबा तो फोन घेऊन माझ्याकडे वर आले. 

"सायेब, ह्याला चारी अंगानी पानी हाय."

"बेटच आहे ते, आबा."

"व्हय, पर मग ह्याचं टेल कुठं हाय?"

मी विचार केला आणि म्हणालो, टेल नाही. आबा खाली गेले. अर्ध्या तासानं परत वर आले. "तिथं जायला खर्च किती?"

दुसरं कारण त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. मला ते बघून बघून कळलं. आबांचं घर धनगरांचं. त्यांचे तिघे मोठे भाऊ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कोकणात पार समुद्राच्या जवळपर्यंत जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आबा सगळ्यांत धाकटे, म्हणून त्यांना शाळेत घातलं, आणि शाळा झाली म्हणून नोकरी लागली. सगळं घर चालत राहिलं आणि हे एकटे एका चौकीवर बसून राहिले. आता तिघांपैकी एकटे थोरलेच उरलेत. मेंढरं विकून झाली, जमीन बागायत झाली. पण घरात चार पाहुणे जमले की बोलणं तेच: कुठल्या घाटात वाघरू दिसलं, कुठल्या गावच्या पाटलानं शेतात खतासाठी मेंढरं बसवायला किती धान्य दिलं, कुठं मुक्काम चुकला. तेवढा वेळ आबा उठून गोठ्याकडे जात. सासष्ट वर्षांचा माणूस, पण त्या बोलण्यात त्याला बसायला जागा नव्हती.

म्हणून थोरल्यांचं ते "मग बोलू" मला थट्टेचं वाटलं नाही. आबांनाही नाही.

मी सोबत का गेलो? आबा म्हणाले, "मी बघतो, तुमी हिशेब ठेवा." पत्नी म्हणाली, "जा. नाहीतर ते विमानात काठी घालतील कुठंतरी." मला पंधरा दिवसांची रजा शिल्लक होती. आणि खरं सांगायचं तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही कोल्हापूरच्या पलीकडे गेलो नव्हतो.

मग सराव सुरू झाला. पुण्याहून चाळीस लिटरची सॅक आणली. आबांनी तिच्यात दहा किलो बाजरी भरली आणि रोज सकाळी कालव्याच्या भरावावरून चालू लागले. चौकातली चहाची टपरी रोज वाटच बघायची.

"आबा, एव्हरेस्टला का?"

"न्हाई, त्याच्या उलट्या अंगाला."

"बाजरी कुनाला घेऊन चाललाय?"

"मासळीला."

निघताना सॅकेत दोन धोतरं, भाकरीचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी, भंडाऱ्याची पुडी, आणि वर आडवी बांधलेली घोंगडी. काठी विमानात सामानाबरोबर द्यावी लागली. मशीनच्या पट्ट्यावरून ती एकटी आत गेली तेव्हा आबा पाठीमागून वाकून बघत राहिले.

विमानात खिडकीची जागा त्यांची. चेन्नई सोडली आणि थोड्या वेळानं त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मग पुन्हा मारली. "सायेब, संपना की हो! संपतच न्हाई!" पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. आबांना पत्ताच नाही. तासभर त्यांनी नाक काचेवरून काढलं नाही आणि हवाईसुंदरीनं दिलेलं सँडविच हातातच राहिलं.

पोर्ट ब्लेअरहून जहाजानं एका लहान बेटावर गेलो. तिथं सॅकवाल्या मुलामुलींसाठी एक राहण्याची जागा होती; एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. आमच्याशिवाय सगळी पंचविशीच्या आतली. आबांनी खालचा पलंग सोडला आणि जमिनीवर घोंगडी टाकली. बंगळुरूची एक मुलगी म्हणाली, "अंकल, आप असली बॅकपॅकर हो." मी अर्थ सांगितला. आबा लाजले, पण तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

पहिल्या दिवशी धक्क्यावर जाऊन काठी बुडवली. तळ लागला नाही. आडवं पडून, खांद्यापर्यंत हात घालून बुडवली, तरी लागला नाही. उठून बसले तेव्हा शर्टाची बाही गळत होती आणि चेहरा सणाचा होता. मग ओंजळ तोंडात घातली आणि लगेच थुंकले. "आरं! एवढं समदं, आन् खारं!" असं म्हणून जे हसायला लागले ते थांबेनात. धक्क्यावरचे कोळीही हसू लागले. दुसरा दिवस जंगलात चालण्यात गेला. तिसऱ्या दिवशी बोट ठरली.

बोट म्हणजे तिथली डुंगी. लाकडी, निमुळती, मागे लहानसं इंजिन. बोटवाले एकटेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. बेटाला पूर्ण फेरा म्हटल्यावर त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग आबांकडे. चार हजार ठरले. एक अट त्यांनी स्पष्ट सांगितली. जाताना डावीकडची बाजू खोल पाण्याची आहे, तिथं काही नाही. पण परतीच्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत, ती बाजू उजेडातच पार व्हायला हवी. आणि इथं सूर्य सव्वापाचलाच बुडतो. सकाळी सातला निघालो.

ते दोन तास मी विसरणार नाही. पाणी आधी हिरवं, मग इतकं स्वच्छ की खालच्या वाळूवर आमच्या बोटीची सावली पळताना दिसत होती. चांदीच्या पट्ट्यांसारखे मासे बोटीपुढे उड्या मारत होते. आबा पुढच्या टोकाला बसून सगळ्याला नावं देत होते. एका टेकाडाला भुलेश्वर, एका खडकाला आमचे तलाठी. मी त्यांना नऊ वर्षं ओळखत होतो, पण एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मीही मध्येच ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

बेटाच्या मागच्या अंगाला एक पांढरी वाळूची पट्टी होती. तिथं नऊच्या सुमाराला न्याहारीला थांबलो. बोटवाल्यांनी कमरेएवढ्या पाण्यात नांगर टाकला. आत त्यांच्या भावाची नारळाची बाग होती. तिथून गोडं पाणी आणि शहाळी आणायला ते निघाले. जाताना म्हणाले, "अंकल, बोट देखना. हिलाना मत."

पहिलं वाक्य आबांनी ऐकलं. चौतीस वर्षं राखण केलेला माणूस. "देखना" म्हटल्यावर दुसरं कशाला ऐकेल? लाटांनी बोट हलत होती, नांगराचा दोर ताणला जात होता. आबांना ते बघवेना.

"सायेब, वाहून जाईल हो. जरा बगलंला घेऊ."

मला पटलं. भीमेच्या काठी वाढलेल्या कोणालाही पटलं असतं. नदीला पाणी चढलं तर होडी वर काठाला ओढायची, झाडाला बांधायची. आम्ही नांगर उचलला, बोट ढकलत एका खडकाच्या आडोशाला वाळूत टेकवली आणि दोराच्या दोन गाठी मारून एका खोडाला बांधली. आबांनी गाठ ओढून बघितली. समाधानानं भाकरी सोडली.

भाकरी संपली तेव्हा पाणी बोटीपासून चार हात लांब होतं. चटणीचा डबा धुवायला गेलो तेव्हा दहा हात.

आबा उभे राहिले. पाण्याच्या कडेला काठी रोवली. बघता बघता काठी कोरडी पडली. दुसऱ्यांदा रोवली. तीही कोरडी. त्यांचा चेहरा उतरला.

"वरनं गेट बंद केलं," ते म्हणाले.

"आबा, हा समुद्र आहे."

"आसू द्या. कुनीतरी केलंय. एवढं पानी आपोआप जात नसतंय." आणि काठी उचलून ते किनाऱ्यानं खरंच गेट शोधायला निघाले.

भरती-ओहोटी मी शाळेत भूगोलात शिकलो होतो. दोन गुणांचा प्रश्न असायचा. पण ओहोटी म्हणजे समुद्र असा उठून निघून जातो, हे पुस्तकात वाचून अंगाला कळत नाही. मी आबांना गाठून समजावलं. चंद्र, ओढ, दिवसातून दोनदा. आबा जागच्या जागी थांबले.

"दिसातनं दोनदा? रोज?"

"रोज."

"आन् अर्ज कोन करतं?"

"कुणी नाही."

"दोन आवर्तनं, बिनअर्जाची!" संकट विसरून क्षणभर त्यांचे डोळे चमकले. मग वाळूत कलंडलेली बोट दिसली आणि ते तिला ढकलायला धावले.

बोटवाले शहाळी घेऊन आले. बोट बघितली, शहाळी खाली ठेवली. "अंकल, ये क्या किया?" आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. तिघांनी जोर लावून पाहिलं. ओल्या वाळूत बोट तसूभर हलली नाही. मग त्यांनी सरळ सांगितलं: पाणी एकपर्यंत उतरणार, मग चढणार. बोटीखाली यायला साडेचार वाजतील. साडेतीनच्या आत सुटलो तर पुढून खडकांच्या बाजूनं जाता येईल. साडेचारला सुटलो तर आलो तसं मागे फिरायचं, अंधारात खडकात शिरायचं नाही. उद्या त्यांची बोट दुसऱ्यांकडे लागली होती, आणि उद्या आमचंही परतीचं जहाज होतं.

म्हणजे फेरा अर्धा. मी आबांना म्हणालो, "अर्धा तर झाला. घरी कोण विचारतंय?"

"दादा इचारनार," आबा म्हणाले. "त्यो पयलं त्येच इचारनार. आन् मला खोटं बोलता येत न्हाई."

मग बराच वेळ ते लांबच्या पाण्याकडे बघत बसले. एक वाजून गेला. पाणी थांबलं आणि कडेला पुन्हा हलू लागलं तसे आबा उठले. धोतराचा काचा मारला. बोटीपासून पाण्याच्या दिशेनं काठीनं वाळूत एक रेघ ओढत चालू लागले. सरळ नाही, जरा डावीकडून.

"पानी यायला तयार हाय," ते म्हणाले. "वाट करून द्यायची. चारी काढायची."

"समंदर को नाली से लाएगा?" बोटवाले पहिल्यांदा हसले.

"लायेगा," आबा म्हणाले.

हत्यारं काय? एक वल्हं, बोटीतलं पाणी उपसायचा कापलेला कॅन, आणि माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण. आबा वल्ह्यानं खणायचे, मी कॅननं वाळू बाहेर टाकायचो. पाच मिनिटं बघून बोटवाल्यांनी झाकण उचललं आणि बोटीखालची वाळू काढायला लागले. ऊन डोक्यावर, घाम डोळ्यांत. आबांचं तोंड एकसारखं चालू: "उतार धरा, सायेब! कड ढासळू देऊ नका! झोपलात का?" कारखान्यात माझ्या हाताखाली सहा माणसं होती. माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि मला गंमत वाटत होती.

अडीचच्या सुमाराला पहिली लाट चारीत शिरली.

"पानी सुटलं!" आबा दोन्ही हात वर करून ओरडले. कालव्यावरची ती हाक होती, मैलभर जाणारी. लाट निम्म्यापर्यंत आली आणि परत गेली. आबांचे हात तसेच वर.

"माघारी गेलं! मी सोडलेलं पानी कवाच माघारी गेलं न्हाई!"

"फिर आएगा," बोटवाले म्हणाले.

आलं. दर वेळी वीतभर पुढं. मग एक लाट बोटीखालच्या खड्ड्यात पडली आणि तिथंच राहिली. आबांनी तिच्यात काठी घातली, खाच मोजली, खणा म्हणाले, अजून खणा. तीन वाजून गेले. बोटीची मागची बाजू किंचित उचलली, टेकली, पुन्हा उचलली. तिघांनी खांदे लावले. आबा मोजत होते, "एऽऽक, दोऽऽन..." आणि तीन म्हणायच्या आत बोट चारीत सरकली, खरखरत, मग खरखर थांबली. आम्ही छातीएवढ्या पाण्यात होतो आणि तिघेही ओरडत होतो. आबांचा पटका तरंगत चालला होता. तो बोटवाल्यांनी वल्ह्यानं ओढून आणला.

घड्याळात तीन पंचवीस.

परतीची बाजू बोटवाल्यांनी उभं राहून काढली. पाण्याखाली तपकिरी, जांभळे खडक दोन्हीकडून सरकत होते. ते बोटानं दाखवायचे, आबा काठीनं बोट खडकापासून लांब धरायचे.  सूर्य खाली आला, पाणी पितळेसारखं झालं. शेवटचं टोक वळलो आणि धक्क्यावरची निळी पाण्याची टाकी दिसली. सकाळी ती आमच्या पाठीमागं गेली होती. आता समोर येत होती. आबा उठून उभे राहिले.

"बैठो, अंकल!"

आबा बसले नाहीत. भंडाऱ्याची भिजलेली पुडी उघडून त्यांनी चिमूट पाण्यावर टाकली, चिमूट बोटीच्या टोकाला लावली, आणि मग बोटवाल्यांच्या कपाळाला. त्या माणसानं मान पुढं केली.

फोनला रेंज फक्त धक्क्यावरच होती. मी पाकीट काढत होतो, तोवर आबांनी सॅकेत कोरड्या राहिलेल्या माझ्या फोनवरून थोरल्यांना लावलंसुद्धा. स्पीकरवर.

"दादा, मारला फेरा."

"गोल?"

"गोल."

"पान्यातनं?"

"समदा पान्यातनं. मधी बोट अडाकली, माझ्याच चुकीनं. चारी काढून सोडवली."

  मग थोरल्यांचा पुढचा प्रश्न आला. थट्टेचा नव्हता, कामाचा होता.

"मेंढरं बसवायला जागा कुठं हाय तिथं?"

 आबांनी बेटाकडं वळून नीट विचार केला. "मागल्या अंगाला एक पट्टी हाय. आडोसा हाय, सावली हाय. गोडं पानी मातर आत, नारळीच्या बागंत."

"किती आत?"

"चालत जाऊन यायला तास."

"मग एक रात. ज्यादा न्हाई."

"एकच. आन् काठापस्नं लांब. रातचं पानी चढतंय."

"हां. ही सांगितलीस कामाची गोष्ट."

आबा धक्क्याच्या कठड्यावर टेकले. बोटवाले माझ्यापुढं उभे होते. ठरलेले चार हजार मी त्यांच्या हातात मोजून दिले. उशिराचे म्हणून त्यांनी काही मागितलं नव्हतं. मी पाचशेची नोट वर काढली, तर आबांनी मान हलवून मला अडवलं, बंडीच्या खिशातून स्वतःची ओली नोट काढली आणि त्यांना दिली; डाव्या हातानं, कारण उजव्या हातात फोन होता आणि थोरले विचारत होते, "आन् चारा कसला हाय, बारक्या?"